हसल, लगबग आणि गोंधळ

धाराशिव शहरातल्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. त्यांच्या मोबाइलच्या स्टेटसवर अलीकडे एक इंग्रजी शब्द वरचेवर दिसतो : हसल. कुणी लिहितं, ‘हसल चालू आहे’. कुणी स्वतःला ‘हसलर’ म्हणवतं. दुकानात काम करत शिकणारा एखादा मुलगा आपल्या संध्याकाळच्या कामाला ‘साइड हसल’ म्हणतो. विचारलं तर अर्थ सांगतात : मेहनत, धडपड, सतत कामात असणं. अर्थ चुकीचा नाही, पण पुरा नाही. या शब्दाच्या पोटात आणखी बरंच काही आहे, आणि ते माहीत असल्याशिवाय तो छातीवर बिल्ल्यासारखा मिरवू नये असं मला वाटतं.

हा शब्द मूळचा इंग्रजी नाही, डच आहे. डच भाषेत ‘हुत्सेलेन’ म्हणजे हलवणं, खुळखुळवणं. १६८० च्या दशकात तो इंग्रजीत दिसू लागतो तो एका जुगाराच्या निमित्ताने. टोपीत नाणी टाकायची, टोपी जोरजोरात हलवायची आणि नाणी पालथी करून छाप की काटा ते बघायचं. या खेळाला ‘हसल-कॅप’ म्हणत. म्हणजे पहिला अर्थ नाण्यांचा खुळखुळाट. अठराव्या शतकाच्या मध्याला तोच शब्द माणसांना लागू झाला आणि त्याचा अर्थ झाला धक्काबुक्की करणं, रेटणं. इंग्रजी बातमीत पोलिसांनी संशयिताला गाडीत ‘हसल’ केलं असं आजही लिहितात. त्याचा अर्थ त्याला ढकलत, घाईघाईने गाडीत कोंबलं. तिथे मेहनतीचा काही संबंध नसतो.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाला दोन फाटे फुटले. १८२५ च्या सुमारास ‘हसलर’ म्हणजे गर्दीत धक्का देऊन लुबाडणारा चोर. १८८० च्या दशकात अमेरिकेत ‘हसलर’ म्हणजे कामाला वाघ असलेला, धंद्यात तडफदार माणूस. दुसऱ्या अर्थाने पहिल्याला कधी हुसकावून लावलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत राहिले. विसाव्या शतकात वेश्याव्यवसाय करणाऱ्यांनाही अमेरिकेत हाच शब्द लावला गेला. १९६१ सालचा ‘द हसलर’ हा पॉल न्यूमनचा गाजलेला चित्रपट पूल खेळणाऱ्या एका खेळाडूवर आहे. अशा खेळाडूची युक्ती ठरलेली असते : आधी नवखं असल्याचं भासवायचं, पैज वाढू द्यायची आणि मग समोरच्याला लुटायचं. २०१३ सालचा ‘अमेरिकन हसल’ तर सरळसरळ ठकसेनांवर आहे.

मग त्याला प्रतिष्ठा आली कुठून? अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधून. ज्यांना बऱ्या पगाराची, कायमची नोकरी रंगामुळे मिळत नव्हती, त्यांना चार ठिकाणी हातपाय मारून पोट भरावं लागे. थोडं कायद्यातलं, थोडं कायद्याबाहेरचं. त्या जगण्याला ते हसल म्हणत. हिपहॉप गाण्यांनी तो शब्द जगभर नेला आणि रॅप ऐकणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत तो तिथूनच पोचला. दार बंद असलेल्या माणसाची धडपड असा तो भाव आहे. पण पुढे मोठ्या कंपन्यांनी आणि यशाचे मंत्र सांगणाऱ्या वक्त्यांनी तो उचलला आणि त्यातली बंद दारं गाळून टाकली. उरलं ते एवढंच : झोपू नका, थांबू नका, काम करत राहा.

वापरताना म्हणून थोडं भान हवं. मित्राला ‘हसल चालू आहे’ म्हणालात तर बिघडत नाही. खेळाच्या मैदानावर प्रशिक्षक ‘हसल’ असं ओरडला तर त्याचा अर्थ पाय उचला, जोर लावा. पण इंग्रजीतल्या नोकरीच्या अर्जात स्वतःला ‘हसलर’ म्हणवून घेऊ नका. वाचणारा अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला असेल तर त्याच्या मनात भामटा उभा राहू शकतो. आणि शहराच्या वर्णनात ‘हसल अँड बसल’ अशी जोडी आली, तर तिथे धडपडही नाही आणि फसवणूकही नाही. तिथे ती नुसती गजबज आहे. जोडीतला ‘बसल’ हा वेगळा शब्द, सोळाव्या शतकापासूनचा, आणि बराच निरुपद्रवी : हालचाल, ये-जा, उत्साही गडबड. ‘बिझी’ तर या सगळ्यांचा आजोबा शोभावा इतका जुना. त्याच्यापासूनच ‘बिझनेस’ झाला, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ काळजी, चिंता असाही होता.

इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात बसवण्याची इंग्रजीला सवय आहे. मराठीची सवय वेगळी, आणि ती बघायला धाराशिव जिल्ह्यासारखी जागा नाही. कारण इथे वर्षातला सगळ्यात मोठा देव-उत्सव आणि वर्षातलं सगळ्यात निकडीचं शेतकाम एकाच पंधरवड्यात येतं. आश्विनात तुळजापूरला शारदीय नवरात्र असतं आणि त्याच दिवसांत शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

आधी तुळजापूर. बालाघाटाच्या डोंगरकुशीतलं हे गाव नवरात्रात चोवीस तास जागं असतं. पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळ पूजेपर्यंत देवळातला क्रम चालतो, आणि बाहेर माणसांचा. पण ही माणसं सगळीकडे एकाच तऱ्हेने नसतात, म्हणून त्यांच्यासाठी शब्दही एक नाही. दर्शनाला लागलेली असते ती रीघ, कारण तिला क्रम आहे. राजे शहाजी महाद्वारासमोर एकदम माणसं लोटली की होते ती झुंबड. तिथे क्रम सुटतो. झुंबडीत मागचे पुढच्यांना रेटू लागले की रेटारेटी, आणि तीही हाताबाहेर गेली की चेंगराचेंगरी. पोलिसांना आणि मंदिर संस्थानला शेवटच्या दोन शब्दांमधलं अंतर जीव मुठीत धरून सांभाळावं लागतं. कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा, परड्या विकणाऱ्या दुकानांपुढे असते ती वर्दळ. ती पावलांची असते, येणारी आणि जाणारी. बसस्थानकात असतो तो गलका, तो कानाला कळतो. गजबज डोळ्यांना आणि कानांना मिळून कळते. लांबून कुणी विचारलं, ‘कसं काय तुळजापूर?’ तर उत्तर येतं, ‘लई गर्दी’. पण तिथे उभा असलेला माणूस नेमकं काय चाललंय ते नेमक्या शब्दाने सांगतो.

याच दिवसांत तुळजापूरहून निघणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य दिसतं. गावोगावची तरुण मंडळं देवीची ज्योत न्यायला आलेली असतात. पुढे अनवाणी धावणारा एक मुलगा, हातात पेटती ज्योत. मागे हळू चालणारा टेम्पो, त्यात बाकीची मुलं, तेलाचा डबा, पाण्याचे जार. धावणाऱ्याचा दम संपत आला की टेम्पोतून दुसरा खाली उडी घेतो, थोडं अंतर त्याच्या बरोबरीने धावतो आणि धावता धावताच ज्योत या हातातून त्या हातात जाते. कुणी थांबत नाही, ज्योत विझत नाही, ओरडाआरडा नाही. मध्येच तेल घालणारा पळत येतो आणि तसाच मागे जातो. रात्रभर हे चालतं आणि सकाळी ज्योत गावच्या देवळात पोचते. याला मराठीत लगबग म्हणावं. लगबगीत घाई असते पण गोंधळ नसतो. प्रत्येकाला आपलं काम माहीत असतं आणि कामाला दिशा असते. तेल संपलं, टेम्पो पंक्चर झाला, दुसरा धावणारा झोपून राहिला, की त्याच मुलांची धांदल होते. आणि घटस्थापनेची वेळ टळत आली असेल तर तारांबळ.

तारांबळ हा शब्द लग्नातून आला असं सांगतात. मंगलाष्टकं संपता संपता भटजी मुहूर्ताचं ताराबल उच्चारतात. तो शब्द कानी आला की अक्षता टाकणारे, अंतरपाट धरणारे, वाजंत्रीवाले, सगळेच एकदम घायकुतीला येतात. तेच ताराबल तारांबळ झालं. कोणत्या घाईत मुदत संपत आल्याची धास्ती आहे ते हा शब्द बरोबर दाखवतो.

तुळजापूरच्याच दोन शब्दांवर मला जरा थांबायचं आहे. मंदिराच्या पायऱ्या उतरताना कल्लोळ तीर्थ लागतं. कल्लोळ म्हणजे संस्कृतात मोठी लाट. देवीच्या हाकेला सगळी तीर्थं एकदम धावून आली आणि पाण्याचा कल्लोळ झाला, अशी इथली कथा. बोलण्यातही आपण दुःखाचा, आवाजाचा, आनंदाचा कल्लोळ म्हणतो. म्हणजे एकावर एक लाटा याव्यात अशी भावना किंवा आवाज.

दुसरा शब्द गोंधळ. मराठीत ‘कसला गोंधळ लावलाय?’ म्हणजे कसली अव्यवस्था लावली आहे. पण धाराशिवच्या घराघरांत गोंधळ म्हणजे पूजा. लग्न झालं, मूल झालं, नवस फिटला, की देवीचा गोंधळ घालायचा. रात्री अंगणात चौक भरतात, धान्यावर कलश मांडतात, दिवटी पेटवतात. गोंधळी येतात ते कवड्यांच्या माळा घालून. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं, तिसऱ्याकडे झांज. मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, आधी गणाला वंदन करतो आणि मग महाराष्ट्रातल्या, शेजारच्या मुलखातल्या देवदेवतांना एकेकाच्या गावाचं नाव घेऊन बोलावतो. नंतर आख्यान, मध्येच विनोद, शेवटी आरती. रात्र सरते तेव्हा कुठे ते संपतं. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन पंथ : कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे, आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडतात. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्यापासून जवळच, सीमेच्या पलीकडे.

इतक्या शिस्तीच्या विधीचं नाव अव्यवस्थेला कसं पडलं? मला वाटतं, ते लांबून ऐकणाऱ्याने दिलं. गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसाला ऐकू येतो तो संबळीचा कडकडाट, झांजा, उदोकार आणि एकामागून एक हाका. आत बसलेल्याला कळतं की आता आवाहन चाललंय, आता आख्यान सुरू होईल. बाहेरच्याला सगळं एकात एक मिसळलेलं. गजबजलेल्या बाजाराचं, रेल्वे स्थानकाचं, लग्नघराचंही तसंच असतं. आतल्याला तिथे क्रम दिसतो.

बाहेरून आलेल्या एका इंग्रजी लेखकाने हा मुलूख आतून बघायचा प्रयत्न केला होता. फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो १८३९ सालीच प्रसिद्ध झाला होता. १८५३ मध्ये निजामाने हा भाग कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हा टेलर कारभारी म्हणून नळदुर्गला आला आणि काही वर्षं तिथे राहिला. १८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी निघाली. ती घडते शिवकाळात, आणि तिच्या कथेचं एक मोठं ठिकाण तुळजापूर आहे. देवळातली वर्दळ, पुजाऱ्यांची घरं, इथल्या लेकीबाळी इंग्रजी भाषेत विस्ताराने आल्या त्या त्याच्यामुळे.

आता शिवार. नवरात्राच्या आगेमागे जिल्ह्यात कुणालाही ‘काय करायलास?’ असं विचारा. उत्तर येतं, ‘रास करायलोय.’ रास म्हणजे मळणी. ‘करायलोय’ हे या भागाचं खास रूप. ‘करायला लागलोय’ आवळून तयार झालेलं, काम हातात आहे, अजून संपलेलं नाही, असं सांगणारं. ‘मी व्यस्त आहे’ असं शेतकरी म्हणत नाही, आणि ते बरंच आहे. मराठीत व्यस्त म्हणजे उलटा. गणितातलं व्यस्त प्रमाण आपण सगळे शाळेत शिकलो. कामात असण्याचा अर्थ हिंदीतून आला आणि वर्तमानपत्रांनी रुजवला. व्यग्र हा आपला जुना शब्द होता, तो मागे पडला. ‘कामात आहे’ एवढं साधं वाक्य त्या दोघांपेक्षा चांगलं.

सोयाबीनची रास म्हणजे काय ते जवळून बघावं. पीक वाळलं की ते विळ्याने कापायचं. उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे जमिनीत सांडतात, लवकर कापलं तर दाणा ओला राहतो. त्यात सगळ्या गावाचं पीक एकदमच तयार होतं आणि सगळ्यांनाच एकदम माणसं हवी असतात. मजूर रोजाने येतात किंवा गुत्त्याने. गुत्तं म्हणजे एकराचं काम एका रकमेला ठरवून घेणं. हा शब्द कन्नड-तेलुगूच्या शेजारातून आलेला, पुण्याकडे त्यालाच उक्तं म्हणतात. गुत्तं घेतलेली टोळी उजाडायच्या आत शेतात उतरते, कारण पहाटेच्या दवात शेंगा मऊ असतात, तडकत नाहीत. कापलेलं पीक एक-दोन उन्हं खात पडतं, मग गोळा करून त्याची गंजी लावतात, वर ताडपत्री. मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत जीव त्या गंजीत अडकलेला.

दुपारी ऊन तापलेलं असताना क्षितिजाकडे ढग जमू लागतात. बाई पाठ सरळ करून एकदा वर बघते आणि हात भरभर चालू लागतात. ही लगबग. पहिला गार वारा आला की सगळे सुटतात. कुणी ताडपत्री ओढतोय, कुणी तिच्यावर ठेवायला दगड शोधतोय, कुणी पेंढ्या कवेत घेऊन गंजीकडे पळतोय, पोराला मोटरसायकलवर दुसरी ताडपत्री आणायला पिटाळलेलं. ही धांदल. टपोरे थेंब पडू लागले आणि अर्धं शेत उघडंच आहे, ती त्रेधा. पाऊस थांबल्यावर भिजलेल्या शेंगा उलटून वाळवायच्या, मळणीवाल्याला फोन, दुकानातून उसनवारी, बँकेत चक्कर, ही धावपळ. चार तासांत चार शब्द, आणि शेतकऱ्याच्या घरात ते कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही.

गडबड मात्र सगळीकडे चालते. ‘गडबड हाय’ म्हणजे घाई आहे. हिंदी बोलणाऱ्याला हे ऐकून काळजी वाटते, कारण त्याच्याकडे गडबड म्हणजे काहीतरी बिघडलंय. घाईचा अर्थ आपला आणि कन्नडचा. उमरग्याच्या पलीकडे गेलात की ‘गडिबिडि’ ऐकू येतं, अर्थ तोच. या जिल्ह्याच्या बोलीत मराठी, कन्नड आणि निजामाच्या दोन शतकांची दखनी अशा तिन्हींचं पाणी आहे, आणि घाईच्या शब्दांत ते लगेच कळतं.

घाईचे शब्द काळाप्रमाणे स्वभावही बदलतात. गर्दी घ्या. मुळात फारसी गर्द म्हणजे धूळ. जुन्या मराठीत ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीला मिळवणं, आणि गर्दी म्हणजे दंगल, धुमश्चक्री. भाऊगर्दी हा शब्द १७६१ च्या पानिपतातून, सदाशिवरावभाऊंच्या नावाने आलेला. आज निवडणुकीत उमेदवारांची किंवा लग्नात पाहुण्यांची भाऊगर्दी होते आणि रणांगण कुणाला आठवत नाही. धामधूम म्हणजेही जुन्या कागदपत्रांत स्वाऱ्या, लुटालूट, युद्ध. म्हणून ‘धामधुमीचा काळ’. आता धामधूम लग्नाची असते. रहदारी म्हणजे फारसीत रस्त्याची राखण आणि त्यासाठी वसूल होणारी जकात. जकात गेली, गाड्या आल्या, शब्द गाड्यांवर बसला. इंग्रजी हसल चोरापासून मेहनतीपर्यंत आला यात म्हणून फार नवल नाही. गजबजीच्या शब्दांची हीच रीत दिसते. आधी भीती, मग सवय, मग उत्सव.

उलाढाल हा शब्द मात्र मला तेरला जोडून आठवतो. धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे, गोरोबाकाकांचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात तगर नावाचं मोठं शहर येतं : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांमध्ये भरून भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजे तेर. रोमशी चाललेल्या त्या उलाढालीच्या खुणा, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात.

या जिल्ह्याचं आणखी एक काम आहे, आणि हसल या शब्दाचा विचार करताना मला तेच सगळ्यात टोचतं. दसरा-दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक जोडी, आणि त्या जोडीचं नाव ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. पहाटे अंधारात फडात शिरायचं, कोयत्याने ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मध्यरात्री गाडी आली तर मध्यरात्री भरायच्या. बाळ फडाच्या कडेला झोळीत. मार्च-एप्रिलपर्यंत हे चालतं. मोठी मुलं एक तर बरोबर जातात किंवा आजीजवळ राहतात, आणि शाळा दोन्हीकडे तुटते.

याला कुणी हसल म्हणत नाही. म्हणूही नये. हसल म्हणताना माणूस आपल्या मर्जीने झोप सोडतो आणि उद्या मोठं होण्याची आशा धरतो. कोयत्याला मर्जी नसते, डोक्यावर उचल असते. तरीही कष्टाच्या तासांचा अभिमान बाळगण्याची जी हवा आहे, ती या लोकांच्या आयुष्याकडे बघून एकदा तपासायला हवी. २०१९ मध्ये चीनमधल्या ‘अलीबाबा’चे जॅक मा यांनी सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस कामाची वाखाणणी केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘इन्फोसिस’चे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत ‘एल अँड टी’चे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो. लांब तासांमुळे २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार माणसं गेली.

आपल्या परंपरेने कष्टाला मर्यादा घालून दिलेली होती. सुगी म्हटली की तिला शेवट असतो. एकमेकांच्या शेतात आलटून पालटून राबायची सावड, गावाने मिळून एकाचं काम उरकायचं इर्जिक, यांत काम संपल्यावर पंगत ठरलेली असे. आणि तुळजापूरची देवी तर स्वतः झोपते. मूळ मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते, आणि वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. शारदीय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा, आणि दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येणाऱ्या पालखीत देवीचं सीमोल्लंघन होतं, आणि मग आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावहून आलेल्या पलंगावर ती विसावते. नऊ दिवस युद्ध केलं, महिषासुर मारला, आता श्रम झाले, म्हणून झोप. बाहेर लाखो माणसं वाट बघत असतात, सोलापूरहून कोजागरीला चालत निघालेली रीघ रस्त्यावर असते. तरी देवीला कुणी उठवत नाही. वर्षाकाठी जवळपास तीन आठवडे ती निजते आणि तिचा मान तसूभर कमी होत नाही.

परीक्षेच्या तयारीत बुडालेल्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे : हसल हा शब्द जरूर वापरा, तो अन्याय सोसलेल्या माणसांनी घडवलेला शब्द आहे. पण झोप मोडून केलेल्या अभ्यासाला त्या नावाने मोठेपणा देऊ नका.

आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने निघाला तेव्हा धाराशिव निजामाच्या राज्यात होतं. इथली बोली त्या कोशाच्या मुलखाबाहेर राहिली. येत्या सुगीच्या सुट्टीत मुलांना गृहपाठ द्या : घरात घाईला, गर्दीला, कामाला कोणकोणते शब्द बोलतात ते आजी-आजोबांना विचारून, प्रत्येक शब्द कुठे वापरतात त्या प्रसंगासह लिहून आणा. उमरग्याच्या वहीत कन्नड वळणाचे सापडतील, परांड्याच्या वहीत सोलापूर-करमाळ्याकडचे, भूम-वाशीच्या वहीत ऊसफडातले. ज्यांना ते माहीत आहेत ती माणसं आज घरात आहेत, आणि त्यांच्याकडून ते लिहून घ्यायला एक वही आणि एक संध्याकाळ पुरते.